पाळीव प्राण्यांचा विमा : विमापत्र कसे वाचावे

घरातील कुत्रा लंगडू लागला किंवा मांजराने अन्न सोडले, तर त्याला पशुवैद्याकडे नेणे ही गोष्ट आता शहरांतून नित्याची झाली आहे. एके काळी पशुवैद्य म्हणजे गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर अशी लोकांची समजूत असे, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. बैल निकामी झाला तर शेती अडे, घोडा निकामी झाला तर वाहतूक अडे. कुत्र्याच्या दुखण्यावर पैसा खर्च करणारा मनुष्य विरळाच. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. माणसांच्या उपचारांसाठी निर्माण झालेली क्ष-किरण यंत्रे, सोनोग्राफी, भूल देण्याची सुरक्षित पद्धती, हाडांत बसवावयाच्या धातूच्या पट्ट्या, कर्करोगावरील औषधे ही सर्व साधने प्राण्यांच्या दवाखान्यांतही आली. ज्ञान वाढले तसा खर्चही वाढला. सरकारी पशुचिकित्सालये देशभर आहेत, परंतु त्यांची रचना प्रामुख्याने गुराढोरांसाठी असल्यामुळे कुत्र्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया तेथे क्वचितच होऊ शकते.

यातून एक नवाच पेच उभा राहिला. प्राण्याचा आजार बरा होण्याजोगा आहे, तो बरा करणारा मनुष्यही समोर उभा आहे, पण मालकाजवळ तेवढे पैसे नाहीत. तेव्हा उपचार न करता प्राण्याला कायमचे झोपविण्याचा निर्णय घ्यावा लागतो. जगातील सर्वच देशांतील पशुवैद्यांना हा प्रसंग परिचित आहे. पाळीव प्राण्यांच्या विम्याची कल्पना अशा प्रसंगांतून मालकाला सोडविण्यासाठी वाढीस लागली. मात्र ज्यांनी विमा उतरविला, त्यांतील अनेकांना ऐन वेळी दुसराच अनुभव येतो. भरपाई मिळत नाही, किंवा अपेक्षेच्या निम्मीच मिळते.

पुढील उदाहरण कल्पित आहे. परंतु जेथे जेथे हा विमा आहे तेथे अशा घटना घडत असतात. एका शिक्षकाजवळ मोती नावाचा लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा होता. मोती पाच वर्षांचा असताना शिक्षकाने त्याचा विमा उतरविला आणि दोन वर्षे नियमाने हप्ते भरले. सातव्या वर्षी धावताना मोतीच्या डाव्या मागील गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेचे देयक ८०,००० रुपये झाले. विमा कंपनीने कळविले की, मोती चार वर्षांचा असतानाच्या दवाखान्याच्या कागदावर ‘डावा मागील पाय लंगडतो’ अशी नोंद आहे. सबब हा विकार विमापत्रापूर्वीचा असून त्याची भरपाई देय नाही. शिक्षकाला आपण फसविले गेलो असे वाटले. ते खरोखर फसविले गेले होते काय? याचे उत्तर देण्यापूर्वी विमा कशावर उभा असतो ते पाहिले पाहिजे.

विम्याचा गणिती पाया

एका विशिष्ट कुत्र्याचा गुडघा यंदा निकामी होईल किंवा नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. परंतु एक लाख कुत्र्यांपैकी सुमारे किती जणांचा निकामी होईल, हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने या सत्याची पहिली काटेकोर सिद्धता दिली. ती असलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. समजा, एका वर्षात दर पन्नास कुत्र्यांमागे एकाला ८०,००० रुपयांची शस्त्रक्रिया लागते. एक हजार कुत्र्यांत सरासरी २० शस्त्रक्रिया होतील. पण हा आकडा सरासरीचा. प्रत्यक्षात तो एखाद्या वर्षी ११ तर एखाद्या वर्षी २९ असू शकेल, म्हणजे अंदाज जवळजवळ ४४ टक्क्यांनी चुकू शकेल. कुत्रे एक लाख असतील तर सरासरी २,००० शस्त्रक्रिया होतील आणि बहुतेक वर्षी आकडा १,९११ व २,०८९ यांच्या दरम्यान राहील; आता चूक साडेचार टक्क्यांच्या आतच. समूह वाढला की अनिश्चितता नाहीशी होत नाही, पण प्रमाणाने लहान होते. विमा कंपनी विकते ती वस्तू वस्तुतः हीच आहे.

एक हजार कुत्र्यांच्या उदाहरणात वर्षाचा खर्च १६ लाख रुपये, म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे १,६०० रुपये. त्यात कचेरीचा खर्च, दलाली, अडीअडचणीसाठी राखीव रक्कम आणि नफा मिळविला की हप्ता ठरतो. आता या समूहात आधीपासूनच लंगडणाऱ्या शंभर कुत्र्यांचे मालक येऊन दाखल झाले, आणि त्या शंभरांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया लागणार आहे, असे समजा. त्यांचा खर्च ४० लाख रुपये होईल. एकूण ५६ लाख रुपये अकराशे कुत्र्यांवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५,१०० रुपये येतात. निरोगी कुत्र्यांचे मालक म्हणतील, १,६०० च्या जागी ५,१०० कशासाठी भरावयाचे? ते विमा सोडून जातील. मागे राहतील ते आजारी कुत्रे; हप्ता आणखी चढेल, आणि शेवटी योजनाच बुडेल. विकणाऱ्याला व घेणाऱ्याला सारखी माहिती नसली म्हणजे बाजार कसा कोसळतो, याचे विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले होते. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. ‘पूर्वीपासूनचा विकार वगळला आहे’ हे विमापत्रातील सर्वांत अप्रिय वाक्य या कारणामुळे जन्मास आले आहे. ते केवळ कंपनीच्या लोभातून आलेले नाही, हे मालकाने लक्षात घ्यावयास हवे. ते कसे लागू केले जाते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

स्वीडन या देशात घोडे व गुरे यांचा विमा उतरविणारी संस्था १८९० मध्ये सुरू झाली, आणि कुत्र्याचा पहिला विमाही त्याच देशात १९२४ मध्ये उतरविला गेला. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९४७ मध्ये आली. अमेरिकेतील पहिले विमापत्र १९८२ मध्ये लॅसी या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध कुत्रीच्या नावे देण्यात आले; त्यात जाहिरातीचा भाग किती होता हे वेगळे सांगणे नको. स्वीडनमध्ये बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असल्यामुळे शास्त्राचा एक अनपेक्षित लाभ झाला. माणसांच्या जन्ममृत्यूची नोंद सरकार ठेवते, कुत्र्यांची कोण ठेवणार? ती विमा कंपनीच्या वह्यांत सापडली. १९९५ ते २००० या काळातील साडेतीन लाखांहून अधिक विमाधारी कुत्र्यांच्या नोंदी तेथील संशोधकांनी तपासल्या. ज्या मृत्यूंचे निदान नोंदलेले होते, त्यांपैकी १८ टक्के गाठी व कर्करोग यांमुळे, १७ टक्के इजांमुळे, १३ टक्के हाडे-सांधे यांच्या विकारांमुळे, ८ टक्के हृदयविकाराने आणि ६ टक्के मज्जासंस्थेच्या विकारांनी झालेले आढळले. कोणत्या जातीला कोणता आजार अधिक होतो, हेही अशा नोंदींवरून कळते. हप्ता ठरविताना कंपनी कुत्र्याची जात का विचारते, ते यावरून ध्यानात येईल. पग व बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास, डाक्सहुंड या लांब पाठीच्या जातीला मणक्यांचा, जर्मन शेफर्ड व लॅब्रॅडोर यांना नितंबाच्या सांध्याचा आनुवंशिक विकार, या गोष्टी पशुवैद्यांना चांगल्या माहीत आहेत.

करारातील शब्द

विमापत्राच्या, म्हणजे ज्याला बोलण्यात पॉलिसी म्हणतात त्या कागदांच्या, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आश्वासने असतात आणि अटी आतील पानांवर बारीक अक्षरांत असतात. मालक पहिले पान वाचतो. दावा आला म्हणजे कंपनीचा अधिकारी आतील पाने वाचतो. दोघांनी एकच करार केला असला तरी दोघांच्या मनात दोन निरनिराळे करार असतात. असंतोषाचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा येथेच सापडते. म्हणून विमापत्र वाचावयाचे ते व्याख्यांपासून, मग वगळलेल्या बाबी, मग रकमांचा तक्ता, आणि आश्वासनांचे पान सर्वांत शेवटी.

‘पूर्वीपासूनचा विकार’ या शब्दांची व्याख्या विशेष काळजीने पाहावी. सामान्य माणूस समजतो की, डॉक्टरने ज्याचे नाव सांगितले तो विकार. परंतु पुष्कळ विमापत्रांत असे लिहिलेले असते की, विमा सुरू होण्यापूर्वी ज्याचे लक्षण दिसले असेल असा कोणताही विकार, मग त्याचे निदान झालेले असो वा नसो. या दोन अर्थांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मांजर विम्यापूर्वी फार पाणी पीत होते, एवढी नोंद दवाखान्याच्या कागदावर असेल, तर पुढे मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह निघाल्यावर तीच नोंद आड येते. पशुवैद्य नोंदी करतो त्या उपचारासाठी. त्या पुढे पुराव्याचे काम करतील, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. काही विमापत्रांत पूर्वीचा विकार बरा होऊन ठरावीक काळ लक्षणांवाचून गेला, तर तो पुन्हा संरक्षणात घेतला जातो, आणि काहींत एकदा वगळलेला विकार कायमचा वगळलेला असतो. हा भेद हप्त्याच्या आकड्यावरून कळत नाही. तो वाचूनच कळतो.

याच व्याख्येला जोडून एक पोटकलम येते, ते जोडीच्या अवयवांचे. कुत्र्याच्या एका गुडघ्यातील अस्थिबंध झिजून तुटला, तर दुसऱ्याही गुडघ्यातील तुटण्याचा संभव बराच असतो. कारण हा विकार बहुधा एकाच अपघाताचा नसून झिजेचा असतो. म्हणून काही कंपन्या एका बाजूचा गुडघा, नितंब किंवा डोळा पूर्वी दुखावला असल्यास दुसऱ्या बाजूचाही वगळतात. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदीच निराधार नाही, पण मालकाला ते ऐन वेळी कळले म्हणजे त्याचा संताप अनावर होतो.

विमा सुरू झाल्यानंतरचा प्रतीक्षाकाल ही अशीच एक अट. आजारांसाठी चौदा दिवस, तीस दिवस असा काळ ठरविलेला असतो आणि त्यात उद्‌भवलेल्या आजाराची भरपाई मिळत नाही. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी विमा उतरविला, असे होऊ नये हा तिचा हेतू.

लस, जंतांचे औषध, दात स्वच्छ करणे, नसबंदी यांचा खर्च सामान्यतः मिळत नाही. जे दरवर्षी निश्चित घडणारच आहे, त्याचा विमा उतरविण्यात अर्थ नसतो. कारण तेवढाच पैसा कचेरीच्या खर्चासह हप्त्यात भरावा लागतो. मात्र लस टोचलेली असणे ही भरपाईची अट असते. पार्व्होचा रोग कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास प्रथम दिसून आला व पाहता पाहता जगभर पसरला. पिलांना तो बहुधा प्राणघातक ठरतो. लस न टोचलेले पिलू त्याने दगावले, तर विमा कंपनी पैसे देत नाही, आणि या बाबतीत तिला दोष देता येणार नाही. रेबीजची लस तर विमा असो वा नसो टोचलीच पाहिजे. त्या रोगाने दरवर्षी जगात सुमारे ५९,००० माणसे मरतात असा अंदाज आहे आणि त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश भारतातील असतात.

ब्रिटनमध्ये या विम्याचे चार प्रकार रूढ आहेत, आणि नाव एकच असले तरी वस्तू किती भिन्न असू शकते हे त्यांवरून दिसून येते. पहिला केवळ अपघाताचा. दुसऱ्यात आजारही येतात, पण प्रत्येक विकारासाठी बारा महिन्यांपुरतेच. त्यानंतर तो विकार वगळला जातो. तिसऱ्यात काळाची मर्यादा नसते, परंतु प्रत्येक विकारामागे एक कमाल रक्कम ठरलेली असते. ती संपली की त्या विकाराचे दार बंद. चौथ्यात प्रतिवर्षी रक्कम नव्याने उपलब्ध होते, आणि विमा न खंडता चालू ठेवल्यास तोच विकार आयुष्यभर संरक्षणात राहतो. कुत्र्याला त्वचेची ॲलर्जी झाली असे समजा. ती खाज बहुधा जन्मभराची सोबतीण असते. दुसऱ्या प्रकारचे विमापत्र घेतलेल्या मालकाला पहिले वर्षभर पैसे मिळतात, आणि तेराव्या महिन्यात तेच औषध, तोच डॉक्टर, तोच कुत्रा असूनही एक पैसा मिळत नाही. त्याने स्वस्त विमा घेतला होता. आपण काय घेतले नव्हते, ते त्याला आता कळते.

चौथा प्रकार सर्वांत चांगला खरा, पण त्यातही एक कोंडी आहे. कुत्र्याचे वय माणसाच्या मानाने फार लवकर वाढते. मोठ्या जातीचा कुत्रा दहाव्या वर्षी म्हातारा असतो. वयाबरोबर हप्ता वाढतो, आणि कधी कधी असा वाढतो की मालकाला दुसरी कंपनी पाहावीशी वाटते. परंतु कंपनी बदलली की तोपर्यंत झालेले सर्व विकार नव्या कंपनीच्या दृष्टीने ‘पूर्वीपासूनचे’ ठरतात. आजारी कुत्र्याचा मालक अशा रीतीने जुन्या कंपनीला बांधला जातो. हप्ता पहिल्या वर्षी किती, हे सारेच विचारतात. आठव्या वर्षी किती होईल, हा प्रश्न फारच थोडे विचारतात.

भरपाईचे गणित

भरपाई मान्य झाली म्हणजे देयकाची पूर्ण रक्कम मिळेल, हाही एक गैरसमज आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या लेखात दाखविले होते की, खर्च दुसरा कोणी देणार असला म्हणजे उपचारांची मागणी वाढते. म्हणून कंपन्या खर्चाचा काही भाग मालकाकडे ठेवतात. मोतीच्या देयकावर हे करून पाहता येईल. ८०,००० रुपयांपैकी ८,००० रुपये तपासणी-शुल्काचे होते आणि ते विमापत्रात वगळलेले होते, राहिले ७२,०००. त्यातून पहिले १०,००० रुपये मालकाने सोसावयाचे, राहिले ६२,०००. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४९,६०० रुपये कंपनीने द्यावयाचे. मालकाचा वाटा ३०,४०० रुपये. आता क्रम उलटा असता, म्हणजे प्रथम ८० टक्के काढून मग १०,००० वजा केले असते, तर ७२,००० चे ५७,६०० आणि त्यातून १०,००० गेल्यावर ४७,६०० रुपये मिळाले असते. आकडे तेच, कलमेही तीच. केवळ क्रमाने दोन हजारांचा फरक पडला. शाळेतील विद्यार्थ्यांनी हे उदाहरण निरनिराळ्या रकमा घेऊन सोडवून पाहण्याजोगे आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे. १७६६ मध्ये सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी असे तत्त्व सांगितले की, विम्याच्या करारात दोन्ही पक्षांनी पूर्ण सद्‌भावाने वागावे व महत्त्वाची माहिती लपवू नये. हे तत्त्व दोन्ही पक्षांसाठी होते, याचा पुढे कंपन्यांना सोयीस्कर विसर पडला. त्याच्या जोडीला दुसरा नियम आहे. कराराच्या भाषेत संदिग्धता असेल, तर ज्याने करार लिहिला त्याच्या विरुद्ध तिचा अर्थ लावावा. भारतातील न्यायालयेही विम्याच्या बाबतीत हा नियम मानतात. अमेरिकेतील राज्यांच्या विमा-नियंत्रकांच्या संघटनेने २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्याचा एक नमुना-कायदा मंजूर केला. त्यात आजारासाठी तीस दिवसांहून अधिक प्रतीक्षाकाल ठेवण्यास व अपघातासाठी मुळीच प्रतीक्षाकाल ठेवण्यास मनाई केली आहे. आणि विकार पूर्वीपासूनचा होता हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला आहे. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे.

गोठ्यातील विमा

भारतात कुत्र्यामांजरांचा विमा अद्याप थोड्या घरांपुरता आहे. गाईम्हशींचा विमा मात्र खेडोपाडी परिचित आहे, आणि तेथे भरपाई नाकारली गेली तर केवळ मन दुखावत नाही, घरातील चूल थंडावते. केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये निवडक शंभर जिल्ह्यांत प्रयोगादाखल पशुधन विमा योजना सुरू केली. २००८-०९ पासून ती नियमित झाली आणि पुढे राष्ट्रीय पशुधन अभियानात समाविष्ट झाली. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार हप्त्यातील शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणण्यात आला. उरलेला भार केंद्र व राज्य सरकारे उचलतात.

येथे वाद होतात ते पूर्वविकारावरून कमी आणि ओळखीवरून अधिक. मेलेली म्हैस हीच विमा उतरविलेली म्हैस, हे कसे ठरवावयाचे? यासाठी कानात क्रमांकाचा बिल्ला मारतात. आता देशभर बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला वापरला जातो. ‘बिल्ला नाही तर भरपाई नाही’ ही अट विमापत्रात असते. झुडपात अडकून बिल्ला पडतो, आणि शेतकरी त्याकडे काणाडोळा करतो. कारण म्हैस तर गोठ्यात उभी असते. बिल्ला पडल्याचे त्याच आठवड्यात लेखी कळवून नवा बसवून घेणे, हे त्या म्हशीच्या किमतीएवढे मोलाचे काम आहे. कुत्र्यांच्या बाबतीत हेच काम कातडीखाली टोचलेली तांदळाच्या दाण्याएवढी चकती करते. तिच्यात विद्युत्‌घट नसतो. वाचकयंत्राच्या रेडिओलहरींवर ती आपला पंधरा अंकी क्रमांक कळविते.

गुरांच्या विमापत्रात पहिल्या पंधरा दिवसांतील आजार, चोरी, जनावर हरवणे, हेळसांड, अर्धवट जाणकाराकडून केलेले उपचार आणि विमापत्रात लिहिलेल्या कामाहून निराळ्या कामासाठी केलेला वापर या गोष्टी सामान्यतः वगळलेल्या असतात. मूळ संरक्षण मृत्यूपुरते असते. गाय जिवंत आहे, पण तिची दूध देण्याची किंवा गाभण राहण्याची शक्ती कायमची गेली, तर त्याची भरपाई वेगळा हप्ता भरला असेल तरच मिळते. २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र आदी राज्यांत लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा पुष्कळ जनावरे मेली आणि त्यांहून कितीतरी अधिक आजारातून उठली. उठलेल्यांपैकी अनेकांचे दूध आटले होते. केवळ मृत्यूपुरते विमापत्र असलेल्या गोठ्याला अशा नुकसानीत त्याचा काहीच उपयोग नसतो.

जनावर दगावल्यावर ताबडतोब कंपनीला कळविणे, शवविच्छेदन करवून घेणे आणि कानासह बिल्ल्याचे छायाचित्र काढून ठेवणे, एवढे झाल्यावाचून ते पुरू नये. सरकारी योजनेत भरपाईसाठी चारच कागद पुरेसे मानले होते : कंपनीला दिलेली खबर, विमापत्र, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदनाचा दाखला. प्रत्यक्षात पाचवा-सहावा कागद मागितला गेला, तर तो कोणत्या अटीनुसार मागितला आहे, हे लेखी विचारता येते.

दावा नाकारला गेल्यास

कंपनीने दावा नाकारला म्हणजे प्रथम तिच्याच तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावयाची असते. तोंडी बोलणे किंवा दूरध्वनी यांचा उपयोग नाही. नकार कोणत्या कलमाखाली आहे आणि कोणत्या कागदाच्या आधारे आहे, हे दोन प्रश्न त्यात असले पाहिजेत. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडील अर्जास शुल्क नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई तो देववू शकतो. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तेथील मुदत दोन वर्षांची आहे.

मोतीच्या मालकाने हेच केले. कंपनीने ज्या कागदावर भिस्त ठेवली होती त्याची प्रत त्याने मागविली, आणि दवाखान्यातून संपूर्ण नोंदी काढून आणल्या. कंपनीकडे एकच पान गेले होते. त्या पानावर ‘डावा मागील पाय लंगडतो’ हे शब्द होते खरे, पण मागील बाजूस पशुवैद्याने लिहिले होते : ‘तळव्यात बाभळीचा काटा, काढला.’ आठ दिवसांनंतरची नोंद होती : ‘जखम भरली. चाल पूर्ववत.’ काट्याची जखम आणि गुडघ्यातील अस्थिबंध यांचा काही संबंध नाही, असे त्याच पशुवैद्याचे पत्र जोडून शिक्षकाने तक्रार पाठविली. प्रकरण लोकपालापर्यंत गेले नाही. पाचव्या आठवड्यात कंपनीने ४९,६०० रुपये पाठविले. मोती तोपर्यंत चार पायांवर चालू लागला होता. पुढील वर्षीच्या विमापत्रात वगळलेल्या बाबींच्या यादीत एक नवी ओळ आली, आणि या खेपेस शिक्षकाने ती सही करण्यापूर्वी वाचली : उजवा मागील गुडघा.